हिरवी रेघ डब्यापाशी थांबते

गव्हाणीतून ऊस यायचा थांबला की साखर कारखान्याचा आवाजच बदलतो. मिल फिरतच असते, पण रोलर मोकळे फिरायला लागतात आणि तो पोकळ घरघराट कंट्रोल रूमच्या काचेआडूनही कळतो. त्या रात्री तो दर पाच-सात मिनिटांनी येत होता. डिसेंबरचा दुसरा आठवडा, आठ ते चारची पाळी, बाहेर केनयार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग गेटाबाहेर गेलेली. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटतं, साखर उतरते. म्हणून हंगामात मिल किती मिनिटं थांबली आणि का थांबली, हे रजिस्टरला लिहावंच लागतं. त्या आठवड्यात ‘का’च्या रकान्यात रोज एकच शब्द पडत होता, ‘ऑटोमेशन’. म्हणून मला पुण्याहून बोलावलं होतं.

कारखान्याचे जुने वायरमन बापू खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. इलेक्ट्रिकल विभागात त्यांची हयात गेली. प्रोग्रामिंगचं शिक्षण काही नाही, पण लॅपटॉपवरचा लॅडर प्रोग्राम ते स्क्रीनला बोट लावून असा वाचतात, की नव्या इंजिनिअरांनी शेजारी उभं राहून ऐकावं.

“हितनं हिरवं आलं. ह्यो लिमिट स्विच मिळाला. ह्यो बी मिळाला. आता ह्या डब्यात शिरलं. आन् फुडं?”

पुढे काही दिसत नव्हतं. डब्यावर कुलपाचं चित्र होतं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगतो. कारखान्यातली यंत्रं पीएलसी नावाच्या एका छोट्या, दणकट संगणकावर चालतात आणि त्याचा प्रोग्राम बरेचदा चित्रात लिहिलेला असतो. दोन उभ्या रेघा, मधे शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या रेघा, पायरीवर स्विच आणि शेवटी मोटर किंवा व्हॉल्व्ह. लॅपटॉप जोडून हा प्रोग्राम चालू स्थितीत बघता येतो. सीमेन्सच्या सॉफ्टवेअरमध्ये जिथपर्यंत अटी पूर्ण झाल्या तिथपर्यंत रेघ हिरवी होते आणि जिथे अडलं तिथून पुढे ती निळी, तुटक दिसते. मोटर का चालू होत नाही, या प्रश्नाचं उत्तर हिरवी रेघ संपते तिथे असतं. डोकं खाजवायचं नाही, रेघेमागे जायचं.

हे चित्र उगीच आलेलं नाही. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंनी, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचांनी, खच्चून भरलेली पॅनेलं नकोशी झाली होती. गाडीचं मॉडेल बदललं की सगळं वायरिंग उपसून नव्याने करावं लागे. त्यावर डिक मोर्ली हे अमेरिकन इंजिनिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे यंत्र उभं केलं ते मॉडिकॉन ०८४. त्यांच्या कंपनीचा तो ८४वा प्रकल्प, म्हणून नाव ०८४. त्याला भाषा कुठली द्यायची? कारखान्यातला इलेक्ट्रिशियन रिलेची शिडीसारखी आकृती आधीपासून वाचत होता, म्हणून तीच आकृती पडद्यावर आणली. मला या निर्णयाचं फार कौतुक वाटतं. यंत्रापाशी रात्री उभा राहणारा माणूस कोण आहे हे बघून त्यांनी भाषा निवडली. पुढे १९९३ साली आंतरराष्ट्रीय मानकाने पीएलसीच्या पाच भाषा मान्य केल्या, त्यातही शिडी राहिली आणि तिच्याशेजारी फंक्शन ब्लॉकची आकृती आली. फंक्शन ब्लॉक म्हणजेच बापूंचा डबा. डाव्या बाजूने माहिती आत जाते, उजव्या बाजूने निकाल बाहेर येतो, आत काय घडतं ते एकदा लिहून ठेवायचं आणि हवं तिथे पुन्हा वापरायचं. चांगला लिहिलेला डबा वर्षानुवर्षं या साइटवरून त्या साइटवर जात राहतो.

बापूंसमोरचा डबा पहिल्या मिलच्या शूटची पातळी सांभाळायचा. मिलच्या तोंडावर डोनेली शूट नावाचा उंच, उभा नळा असतो. फायब्रायझरमधून कुटून आलेला ऊस त्यात साठतो आणि स्वतःच्या वजनाने रोलरमध्ये दबतो. पातळी उतरली तर कॅरिअर, म्हणजे ऊस वाहून आणणारा पट्टा, जोरात चालवायचा, चढली तर हळू, एवढंच डब्याचं काम. पण तो कमालीचा सुस्त झाला होता. पातळी घसरली तरी कॅरिअरचा वेग रेंगाळत वाढायचा, तोवर शूट रिकामं व्हायचं. मग उशिरा वाढलेला वेग उतरायलाही तितकाच उशीर, की शूट तुंबायचं आणि कॅरिअर ट्रिप. शेवटी ऑपरेटर ऑटो सोडून मॅन्युअलवर आले आणि पाळीभर एक माणूस नॉब हातात धरून शूटच्या काचेकडे बघत उभा राहायला लागला.

डबा होता यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचा. फोनवर त्यांचं उत्तर ठरलेलं: “ब्लॉक टेस्टेड आहे, बाकी ठिकाणी व्यवस्थित चालतोय, तुम्ही सेन्सर बघा.” सेन्सर मी बघितला होता, केबल बघितली होती, अर्थिंगसुद्धा. खोदून विचारल्यावर कळलं, की डबा ज्याने लिहिला तो कधीच नोकरी सोडून गेलाय आणि मूळ सोर्स फाइल कुठल्या लॅपटॉपवर राहिली ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे कुलूप लावणाऱ्यांनाही आता ते उघडता येत नव्हतं. सीमेन्सच्या एस७-३०० या जुन्या पीएलसीच्या काळातलं कुलूप असंच होतं. सोर्स फाइलमध्ये ‘नो-हाऊ प्रोटेक्ट’ हा एक शब्द लिहायचा, कंपाइल करायचं आणि सोर्स स्वतःकडे जपून ठेवायची. ती हरवली की डबा चालत राहतो, पण तो सुधारणं संपलं. पुढे टीआयए पोर्टल या सीमेन्सच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये पासवर्ड आला. तो विसरला तर तिथेही गत तीच.

रात्री दीडच्या सुमाराला मित्राचा मेसेज आला: “कशाला डोकं फोडतोस? दोन मिनिटांत उघडतो तो.” खरं होतं. त्या जुन्या कुलपात फारसा जीव नव्हता आणि ते काढायच्या युक्त्या साइटवर सगळ्यांना माहीत होत्या. मी नको म्हटलं. एकतर तो डबा माझा नव्हता आणि दुसऱ्याची मेहनत अशी उघडणं मला पटत नाही. शिवाय उद्या मिलमध्ये काहीही झालं असतं तरी ‘तुम्ही ब्लॉकला हात लावलात’ या एका वाक्यावर सगळं कारखान्याच्या अंगावर आलं असतं. ते नको म्हटल्यावर उरला एकच मार्ग, डबा बाहेरून ओळखायचा.

कुलूपबंद डब्याचं एक बरं असतं, आत बघता आलं नाही तरी त्याची कॉपी करता येते. सकाळी स्टोअरमधला पीएलसीचा स्पेअर सीपीयू काढून घेतला, इन्स्ट्रुमेंट विभागाच्या टेबलावर मांडला आणि रिकाम्या प्रोग्राममध्ये तो एकटा डबा टाकला. व्हेरिएबल टेबलमधून खोटी पातळी दिली. आधी ५०, मग एकदम २०. वेग ३० टक्क्यांवरून ६० वर जायला किती वेळ लागतो ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजायला घेतलं.

अंगठा उचलेपर्यंत वेग ६० वर पोचला होता. जेमतेम एक सेकंद.

पुन्हा केलं. पुन्हा एक सेकंद. चालू मिलवर हाच डबा, हेच आकडे, आणि तिथे मी रात्री २७ सेकंद मोजले होते. बापू चहाचा कप हातात धरून नुसते बघत होते. “ह्यो तर हरणावानी पळतोय की वो सायेब.”

मग माझ्याकडचा गेल्या हंगामाचा बॅकअप त्याच सीपीयूत भरला. ९ सेकंद. तो काढून या हंगामाचा प्रोग्राम भरला. २७. डबा तोच, उत्तरं तीन. पीएलसी अख्खा प्रोग्राम पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा चालवत राहतो. सीपीयूची माहिती उघडून अशा एका फेरीला लागणारा वेळ बघितला, तेव्हा आकडे एका रांगेत येऊन बसले. रिकाम्या प्रोग्रामची फेरी २ मिलिसेकंदांची, गेल्या हंगामाची १८, यंदाची ५४. मोजलेल्या सेकंदांना त्या-त्या फेरीच्या वेळेने भागा, ५०० फेऱ्याच येतात. म्हणजे आत जो कुणी वेग वाढवत होता तो घड्याळ बघतच नव्हता. तो फेऱ्या मोजत होता आणि दर फेरीला ०.०६ टक्के वेग वाढवत होता. मूळ कमिशनिंगच्या वेळी, म्हणजे यंत्रणा पहिल्यांदा चालू करून देताना, फेरी १८ मिलिसेकंदांची असणार, त्यावर त्याने तो आकडा बेतला, मिल सुरेख चालली, कुलूप लागलं. हे गृहीतक त्याने कागदावर कुठेच लिहिलं नाही.

आता फेरी १८ वरून ५४ वर कुणी नेली? मीच. बिगर हंगामात कारखान्याने स्टॉपेजचा रिपोर्ट आणि विजेच्या मीटरचं रीडिंग संगणकावर मागितलं होतं आणि ते काम मी केलं होतं. काम चोख होतं. फेरीवर देखरेख करणारी मर्यादा १५० मिलिसेकंदांची, त्यामुळे ५४ ला पीएलसीने हूं की चूं केलं नाही. माझ्या प्रोग्रामात चूक नव्हती, त्यांचा डबा गेल्या वर्षीपर्यंत उत्तम चालत होता. दोघं एका घरात आले आणि एकाचा श्वास दुसऱ्याने अडवला. डबा उघडा असता तर ती ०.०६ ची बेरीज बिगर हंगामातच माझ्या नजरेला पडली असती. ते न झाल्यामुळे किती शेतकऱ्यांचा ऊस यार्डात वाळत पडला, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

दुरुस्ती दहा मिनिटांची. डबा मुख्य फेरीतून काढला आणि ओबी३५ मध्ये ठेवला. हा ठरावीक वेळाने, न चुकता चालणारा भाग. त्याचं डीफॉल्ट १०० मिलिसेकंदांचं असतं, ते १८ केलं. संध्याकाळी मिल ऑटोवर घेतली. शूटच्या काचेत पातळी हलकी खालीवर होत राहिली. नॉब धरून उभा असलेल्या माणसाने दोन तासांनी पहिल्यांदा खिशात हात घातले.

हे वाचून कुणाला वाटेल की मी कुलपांच्या विरोधात आहे. नाही. मी स्वतः डब्यांना कुलूप लावतो आणि का लावतो तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मशीनचा प्रोग्राम मी आठ महिने खपून लिहिला. कॅम, टेन्शन, रोल बदलताना कागद तुटू न देणं, सगळं. पुढच्या वर्षी ग्राहकाने तसंच दुसरं मशीन स्वस्तात दुसऱ्याकडून करून घेतलं. योगायोगाने तिथला बिघाड बघायला मलाच बोलावलं. लॅपटॉप जोडला तर समोर माझाच प्रोग्राम, माझ्या कॉमेंटसकट, एका शब्दातल्या माझ्या चुकीसकट. नाव फक्त पुसलेलं. त्या क्षणी पोटात जे तुटलं, त्यासाठी मला आजही शब्द सापडलेला नाही. लहान ऑटोमेशनवाल्याकडे दुकान नसतं, गोदाम नसतं. चार-सहा डबे हीच त्याची इस्टेट. ती उघडी टाकून झोप म्हणणं सोपं आहे.

तेव्हा कुलूप राहू दे. पण बापूंची हिरवी रेघ डब्यापाशी येऊन मरते त्याचं काय, हा प्रश्न मला त्या हंगामापासून सोडत नाही. माझं आता असं ठाम मत झालंय, की कसं करतो ते लपवायचा हक्क डबा लिहिणाऱ्याला आहे. का करत नाही ते लपवायचा हक्क त्याला नाही. गणित माझं. पण गणित अडलं तर कशामुळे अडलं, हे मशीनपाशी उभ्या माणसाला कळलंच पाहिजे. पीएलसीओपन या संस्थेच्या ब्लॉकांना ‘बिझी’, ‘डन’, ‘एरर’ आणि चुकीचा क्रमांक असे आउटपुट असतात. सीमेन्सच्या लेखनपद्धतीतही ७००० म्हणजे काम दिलेलं नाही आणि ८ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे चूक, असा संकेत आहे. हे सगळं आयतं आहे. तरीही साइटवर भेटणाऱ्या कित्येक कुलूपबंद डब्यांना उजव्या बाजूला एकच आउटपुट असतो, ‘फॉल्ट’. आईने ‘काय झालं?’ म्हणून विचारावं आणि पोराने नुसतं रडत राहावं, तसलं ते.

माझ्या डब्यांना आता ‘कारण’ नावाचा आउटपुट असतो. त्यावर एक आकडा येतो आणि जे सगळ्यात आधी बिघडलं त्याचाच येतो. एक गोष्ट अडली की तिच्यामागे दहा अडतात आणि शेवटची दिसण्यात काही अर्थ नसतो. आवृत्तीचा क्रमांकही आउटपुटवर असतो, कारण दोन साइटवर एकाच नावाचे वेगवेगळे डबे असल्याने मी एकदा अख्खा दिवस घालवलाय. शिवाय डबा द्यायचा तर सोबत एक छोटा चाचणी प्रोग्राम द्यायचा. घेणाऱ्याने तो स्पेअर सीपीयूत टाकावा, हा आकडा दिला की हे उत्तर आलं पाहिजे, हे स्वतः बघावं. आणि पासवर्ड कारखान्याच्या तिजोरीत, सीलबंद पाकिटात. मी असेन-नसेन, कारखाना राहणार आहे. हे करायला लागल्यावर दोन मित्रांनी मला वेड्यात काढलं. पाकीट आजवर एकदाच फुटलंय, तेही मला फोन करून.

एक इशारा मात्र मी जोर देऊन लिहितो, कारण चित्रात तो दिसतच नाही. फंक्शन ब्लॉकला स्वतःची आठवण असते. ती वेगळ्या डेटा ब्लॉकमध्ये राहते. नवशिका मुलगा स्क्रीनवर डबा कॉपी करून दुसऱ्या मोटरसाठी चिकटवतो आणि डेटा ब्लॉक बदलायचं विसरतो. डोळ्याला दोन डबे दिसतात, पण दोघं एकाच वहीत लिहीत असतात. पहिली मोटर पाच सेकंद थांबलेली, दुसरी म्हणते माझे पाच सेकंद झाले. डबा कुलूपबंद असेल तर ही चूक शोधताना माणूस रडकुंडीला येतो, कारण त्याला वाटतं बिघाड आत आहे.

माझी भाची पुण्यात आर्किटेक्चर शिकते. ती ग्रासहॉपर नावाच्या, आकार प्रोग्रामने घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते. तिथेही सगळं वायरींचं, डब्यांचं. अनेक डबे एकत्र गुंडाळले की त्याला क्लस्टर म्हणतात आणि क्लस्टरलाही पासवर्ड लावता येतो. दिवाळीत तिने मला एक छताची जाळी दाखवली. एका कोपऱ्यात ती चुरगळत होती आणि वायरीवर पॅनेल, म्हणजे तिच्यातली माहिती दाखवणारी पाटी, लावून बघत बघत ती एका सिनिअरने दिलेल्या बंद क्लस्टरपाशी अडली होती. “मामा, आत जाणाऱ्या रेषा बरोबर आहेत, बाहेर येणाऱ्या नाहीत. आता?” मी ग्रासहॉपर कधी हातात धरलेलं नाही. पण आम्ही दोघांनी रात्री अकरापर्यंत बसून त्या क्लस्टरला एकेक सोपा आकार दिला. चौकोन चालला, षटकोन चालला. एक रेषा उलट दिशेने काढलेली दिली आणि तो चुरगळला. त्याला सगळ्या रेषा एकाच दिशेच्या हव्या होत्या. साधी एक ओळ, सिनिअरने लिहिली असती तर भाचीच्या दोन रात्री वाचल्या असत्या.

साखर कारखान्याने पुढच्या बिगर हंगामात शूटचा तो डबा बदलून माझा घेतला. माझा डबा फेऱ्या मोजत नाही, दर वेळी घड्याळ बघतो. त्यालाही कुलूप आहे. ‘कारण’ आउटपुट पॅनेलवरच्या डिस्प्लेला जोडून दिला आणि आकड्यांची मराठी यादी छापून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवली: १ पातळीचा सिग्नल नाही, २ ड्राइव्ह तयार नाही, ३ मिलचा लोड जास्त, अशी. बापूंनी त्यावर पारदर्शक चिकटपट्टी स्वतःच्या हाताने मारली.

गेल्या जानेवारीत रात्री अडीचला त्यांचा फोन आला. मागून मिलचा आवाज येत होता, भरलेला, चांगला.

“सायेब, झोपमोड केली. मिल चालू हाय, काळजी करू नगा. पर डिस्प्लेवर १४ यायलाय. कागदावर १३ पतुरच हाय.”

मी अंधारातच लॅपटॉप उघडला, पासवर्ड टाकून स्वतःचाच डबा उघडला आणि १४ शोधला. मीच घातलेला होता, यादीत टाकायचा मात्र राहून गेला होता. दोन फेऱ्यांमधलं अंतर ठरल्यापेक्षा वाढलं, की डबा काम न थांबवता १४ दाखवतो.

“बापू, आज प्रोग्रामात कुणी काही नवीन घातलंय का?”

“व्हय की. दुपारी एक पोरगं आलं हुतं लॅपटॉप घिऊन. सीसीटीव्हीशेजारी बसून कायतर रिपोर्टचं करत हुतं.”

“त्याचा नंबर आहे?”

“हाय. लिवून घेतो का?”

“घ्या. आणि कागदावर तेराच्या खाली पेनाने एक ओळ लिहा.”

पलीकडे पॅनेलचं दार उघडल्याचा आवाज आला. “सांगा,” बापू म्हणाले.